दाढेखालचा बर्फ

"सर, तुमच्या ताई म्हणाल्या, भावाला विचारा. तो डॉक्टर आहे, त्याला सगळं माहितेय," त्याच्या हाताखालची तरुण डॉक्टर म्हणाली आणि पेनाचं टोपण काढून उभी राहिली. विभागात तिला सगळे शंकासूर म्हणत.

तो स्टुलावर बसला होता. नातेवाइकांसाठी ठेवलेल्या त्या लोखंडी स्टुलाचा एक पाय आखूड होता आणि नुसतं वळून बघायचं म्हटलं तरी ते डुगडुगत होतं. इतकी वर्षं तो याच वॉर्डात, याच खाटांच्या कडेला उभा राहत आला होता, पण दुसऱ्या बाजूला. स्टूल डुगडुगतं हे त्याला काल कळलं. कितीतरी मुलगे, नवरे, सुना या स्टुलावर तोल सावरत त्याच्या तोंडाकडे बघत बसले असतील आणि त्याला वाटलं असेल की ही माणसं घाबरल्यामुळे हलतायत. शंकासूर वाट बघत होती. "म्हणजे एवढंच सर, पाळी अजून चालू आहे का, जास्त जातं का, गाठी पडतात का, आणि असं किती वर्षं आहे." तिनं हे इतक्या सरळ आवाजात विचारलं की जणू घराचा पत्ता विचारत होती. हा आवाज त्यानंच तिला शिकवला होता. नव्या डॉक्टरांच्या प्रत्येक तुकडीला तो पहिल्याच दिवशी सांगायचा: लाजायचं नाही. आपण लाजलो की पेशंट लाजतो आणि लाजलेला पेशंट खोटं बोलतो. पोरं माना डोलवायची. आता त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आत काहीच सापडलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, आपल्याच घरात राहणाऱ्या, आपल्याला लहानाचं मोठं केलेल्या बहिणीविषयी एवढी साधी गोष्ट त्याला माहीत नव्हती. "विचारून सांगतो," तो म्हणाला. शंकासुरानं पेनाचं टोपण लावलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, आणि त्या न बघण्यानंच त्याला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

पडद्याच्या आत ताई डोळे मिटून पडली होती. नाकात नळी, दोन्ही हातांना सुया, आणि चेहरा उशीच्या अभ्र्याच्याच रंगाचा. काल सकाळी ती स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून वाकली होती आणि "पिल्लू, पाठीत कुणी सळई खुपसतंय रे," एवढंच म्हणाली होती. पित्ताशयातला खडा घरंगळत खाली आला होता, वाट अडवून बसला होता आणि स्वादुपिंड सुजलं होतं. हे सगळं त्याला गाडी चालवतानाच कळलं; निदानात तो कुणाला हार जाणारा नव्हता. तिला खाटेवर घेतल्यावर पहिल्या तपासण्या आल्या त्यात हिमोग्लोबिन साडेदहा होतं. "ठीक आहे," तो म्हणाला होता, "बायकांचं एवढंच असतं." मग दिवसभर सलाईनच्या बाटल्या धो धो चढवल्या, आणि आज सकाळी तोच आकडा सातच्याही खाली आला होता. याचा अर्थ दोनांपैकी एक. एक तर पोटात, सुजलेल्या ग्रंथीच्या आसपास एखादी रक्तवाहिनी फुटली असणार आणि ताई आतल्या आत रक्त सांडत असणार. तसं असेल तर सर्जन म्हणत होता त्याप्रमाणे ताबडतोब शिरेतून औषध सोडून स्कॅन करायला हवा होता. पण कालपासून ताईला लघवी जेमतेम होत होती आणि त्या औषधानं थकलेली मूत्रपिंडं पार बसली असती. नाहीतर मग दुसरं: आत काहीच फुटलेलं नाही, ताईचं रक्त मुळातच वर्षानुवर्षं कमी आहे, आणि काल ते फक्त लपलं होतं. तसं असेल तर रक्त चढवायचं, हात आवरायचे आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. कुठली वाट धरायची ते ठरवायला रक्ताची पिशवी यायच्या आत एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती जिला ठाऊक होती तिनं बोट त्याच्याकडे दाखवलं होतं. तो डॉक्टर आहे, त्याला सगळं माहितेय.

कमी रक्त कालच्या दिवशी कसं लपतं, हे या इस्पितळात त्याच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असायला नको होतं. स्वादुपिंड सुजलं की रक्तातलं पाणी पाझरून बाहेर जातं आणि मागे उरलेलं रक्त आटवलेल्या दुधासारखं घट्ट होतं. घट्ट रक्तात आकडा मोठा दिसतो. पाणी परत भरलं की खरं काय ते उघडं पडतं. याच आजारावर त्याचा अभ्यास होता. मोठा अभ्यास, चारचौघांत टाळ्या मिळवलेला. दाखल होताना ज्यांचं रक्त कमी, त्यांची मूत्रपिंडं लवकर थकतात, त्यांना श्वासाचं यंत्र जास्त लागतं, ती माणसं जास्त दगावतात, असं त्यानं शेकडो पेशंटांच्या आकड्यांवरून मांडलं होतं. दहाच्या खाली ते रक्त कमी असलेले, दहाच्या वर ते ठीक. त्या वेळी शंकासूर नुकतीच विभागात आली होती, तिला तेव्हा हे नाव पडलेलं नव्हतं. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतून ती उठली आणि म्हणाली, "सर, पण दाखल होतानाचं रक्त घट्ट असतं ना? तेव्हाचाच आकडा धरला तर ज्यांचं खरोखर कमी आहे त्यांच्यातले काही 'ठीक' गटात जाऊन बसणार नाहीत का?" प्रश्न चांगला होता. प्रश्न इतका चांगला होता की त्याला तो ऐकताक्षणी कळला आणि कळल्याबरोबर त्याचा राग आला. "या शंकासुराला गाळलेलं पाणी दिलं तरी त्यात मासे दिसतील," तो म्हणाला, आणि सभागृह हसलं. तीही हसली, कारण हसण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. त्या दिवसापासून ती शंकासूर झाली, तिच्या तोंडावरसुद्धा. आता ताई त्या अभ्यासात असती तर साडेदहाच्या जोरावर ठीक गटात बसली असती आणि उद्या मेली असती तर तिच्या मरणाचं खापर दुसऱ्याच कशावर तरी फुटलं असतं. ठीक गटातही माणसं मेली होती. ती कशानं मेली, हे त्यानं फार खोदून बघितलं नव्हतं. त्यांतल्या बायकांच्या घरी एकेक भाऊ असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि तो विचार त्यानं घाईघाईनं झटकला, पण चिकट कागदासारखा तो या हाताचा त्या हाताला लागत राहिला.

तो उठून खिडकीशी गेला. खाली इस्पितळाच्या आवारात एक माणूस गाड्यांवरची धूळ पुसत होता. एका गाडीवरून दुसरीकडे जाताना तो फडकं झटकत होता आणि धूळ पुढच्या गाडीवर पडत होती. ताई गोरी होती. घरात, नात्यात, इमारतीत सगळ्यांचं एकमत होतं: ताईसारखी गोरी कुणी नाही. मावशी तर म्हणायची, "हिला अंधारात दिवा लावायला नको." आई लवकर गेली तेव्हापासून सगळ्या मावश्या-आत्यांना ताईविषयी बोलायला तेवढा एकच गोड विषय होता, आणि लग्नाचं काही जमलं नाही तेव्हा तर जास्तच: एवढी गोरीपान मुलगी, आणि बघा. लहानपणी त्यालाही त्याचा तोरा होता. शाळेत न्यायला येणारी ती बघा, ती माझी ताई. मग तो डॉक्टर झाला. रोज सकाळी चाळीस-पन्नास माणसांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघायचा, हा त्याच्या पोटापाण्याचा पहिला धडा. तो लाल आहे, गुलाबी आहे की कागदासारखा, हे तो चालता चालता सांगू शकायचा. भाजीवाल्याच्या, लिफ्टमनच्या, एकदा तर बँकेत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं सांगितलं होतं, तुमचं रक्त तपासून घ्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! घरी येऊन त्याच डोळ्यांनी तो समोर बसलेल्या ताईकडे बघायचा आणि त्याला ती गोरी दिसायची. गोरेपणाच्या खाली जाऊन कुणी बघत नाही, कारण गोरेपण ही बघायची वस्तू असते, तपासायची नव्हे.

आणि बर्फ. खिडकीच्या काचेला कपाळ लावल्यावर काच थंड लागली आणि त्याला एकदम बर्फ आठवला. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो आतल्या खोलीत पडलेला असायचा आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा: फ्रीजचं दार, बर्फाचा ट्रे वळल्याचा आवाज, मग कडक, कडक, कडक. ताई बर्फ खायची. थंडीत, उन्हाळ्यात, सर्दी झालेली असताना. चोखून नव्हे, दाढेखाली धरून फोडून. हाताला लोकरीचा मोजा घालून ट्रे काढायची आणि बर्फ खायची. "काय गं, घरात उंदीर झालाय वाटतं," तो आतून ओरडायचा. ती हसायची आणि आवाज बंद व्हायचा, आणि थोड्या वेळानं, तो झोपला असं समजून, पुन्हा हळूच सुरू व्हायचा. अंगातलं लोह संपलेल्या माणसाला बर्फ खावासा वाटतो, माती खावीशी वाटते, खडू खावासा वाटतो. हे तो शिकवायचा. परीक्षेत विचारायचा, आणि उत्तर आलं नाही तर विद्यार्थ्याला म्हणायचा, "बाळा, घरी आईकडे तरी बघत जा." विद्यार्थी ओशाळायचे. एकदा एका मुलीच्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि त्याला तेव्हा, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

एक आठवलं की दुसरं आठवतं आणि दोन्ही एकमेकांना ओळख दाखवतात. लिफ्ट बंद असली की ताई जिन्याच्या वळणावर थांबायची आणि खालच्या मजल्यावरच्या बाईशी तिच्या कुंड्यांवर गप्पा मारायची. "तुला काय एवढं त्या कुंड्यांचं कौतुक," तो वरून म्हणायचा. दम लागलेल्या माणसाला थांबायला काहीतरी निमित्त लागतं, हे त्याला आता कळत होतं. ताई सोफ्यावर कधीही बसायची नाही. तिची वेताची खुर्ची होती, त्यावर गडद चॉकलेटी उशी, आणि पाहुणे आले तरी ती खुर्ची कुणी घेतलेली तिला चालायची नाही. त्यावरून तो तिला महाराणी म्हणायचा. तिचे सगळे कपडे काळे, निळे, गडद. त्याच्या अभ्यासाला मानाचं पारितोषिक मिळालं त्या वर्षी त्यानं तिच्यासाठी मोतिया रंगाचा उंची ड्रेस आणला होता, गोऱ्या रंगाला खुलेल म्हणून. तिनं तो अंगाला लावून बघितला, आरशासमोर वळून पाठमोरी मागून बघितला आणि म्हणाली, "फार सुंदर आहे रे. जपून ठेवते." तो जपूनच राहिला. एकदाही अंगावर आला नाही. त्याला त्याचं इतकं वाईट वाटलं होतं की आठवडाभर तो तिच्याशी तुटक बोलला. आता त्याला ती आरशासमोर पाठमोरी वळलेली दिसली, मान मागे टाकून, कमरेखाली बघणारी, आणि तो तिथेच खिडकीशी मेल्याहून मेल्यासारखा झाला.

त्यानं कधी विचारलं नाही, असं नाही. दोनेक वर्षांपूर्वी ती फारच थकलेली दिसली तेव्हा वर्तमानपत्र वाचता वाचता तो म्हणाला होता, "एकदा सगळ्या तपासण्या करून घे कुठेतरी." ती म्हणाली होती, "हो." संपलं. घरच्यांना आपण तपासायचं नसतं, असा त्याच्या धंद्यातला नियम होता आणि तो शहाणपणाचाच नियम होता. माया आड आली की हात चुकतो. पण नियम हात लावायला मना करत होता, डोळे उघडे ठेवायला नव्हे. तो नियम त्याला छत्रीसारखा उपयोगी पडला होता. कशापासून वाचायला, ते त्याला ठाऊक होतं. अनोळखी बाईला तो जे दिवसातून वीस वेळा सहज विचारत होता, ते ताईला विचारायचं म्हटलं तर त्याची जीभ टाळूला चिकटत होती. आणि ते आजचं नव्हतं.

तो सहा-सात वर्षांचा असेल. वडिलांच्या ऑफिसातले साहेब घरी आले होते, पुढच्या खोलीत बसले होते, आणि ताई, असेल चौदा-पंधराची, कपांचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोर वाकली होती. तो मागे दारात उभा होता. ताईच्या फिकट फ्रॉकवर मागच्या बाजूला लाल डाग पडला होता आणि तो हळूहळू पसरत होता. त्याला वाटलं ताई मरणार. "बाबा, ताईला लागलंय!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "ताईच्या अंगातून रक्त येतंय!" आणि तो धावत न्हाणीघरात गेला, फळीवरचा कापूस काढायला, कारण त्याला लागलं की ताई कापूस लावायची. पुढच्या खोलीत कप वाजले. मग वडिलांचा आवाज: यंदा हवा फारच बिघडली आहे, नाही का. तो कापूस हातात घेऊन वळला तर न्हाणीघराच्या दारात ताई उभी होती. तिनं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "पुन्हा असलं बोललास तर बघ," ती म्हणाली, आणि दार लावून नळ सोडून रडायला लागली. तो बाहेर उभा राहून तिचं रडणं ऐकत होता. गाल पेटला होता, हातात कापसाचा गोळा होता, आणि आपण खोटं काय बोललो ते त्याला समजत नव्हतं. त्यानंतर तिनं त्याला कधी बोटही लावलं नाही. संध्याकाळी त्याच्या पेल्यात सगळी साय वाढली आणि तो विषय जमिनीत गाडला गेला. न्हाणीघराचा नळ बराच वेळ चालू राहिला की त्यानं खेळायला जायचं. ताईच्या कपाटाच्या खालच्या कप्प्याला हात लावायचा नाही. महिन्यातून काही दिवस तिचा आवाज चढला तरी मूग गिळून बसायचं. न कळण्यालाही सराव लागतो आणि तो सराव त्याच्याकडून चांगला करून घेतला गेला होता. त्यातली थट्टा अशी, की त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं निदान होतं आणि ते अचूक होतं. पुढे इतकी वर्षं शिकून त्यानं काय केलं, तर ते विसरला.

"सर, सर्जन निघालेत वरून," नर्स दारातून म्हणाली. तो पडद्याआत गेला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे आजोबा होते आणि त्यांची सून स्टुलावर बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. पडदा पातळ होता, तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. म्हणजे इकडचाही तिकडे जाणार. त्याची नजर पडद्यावरून फिरली आणि आपण पडदा किती जाड आहे ते बघतोय, हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची किळस आली. तो स्टुलावर बसला. स्टूल डुगडुगलं. ताईनं डोळे उघडले.

"पिल्लू, घरी गेला नाहीस? जेवलास का?"

"जेवेन. ताई, तुला एक विचारायचंय."

"विचार."

तो तिच्या हाताच्या सुईकडे बघत राहिला. "त्या डॉक्टर मुलीनं तुला काही विचारलं होतं सकाळी."

"अरे हो, ती गोड मुलगी. मी म्हटलं तिला, माझ्या भावाला विचार. मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

"ते मला कसं माहीत असणार?"

"तू डॉक्टर ना," ताई म्हणाली. तिचा आवाज नळीमुळे घोगरा झाला होता, पण त्यात कुठेही टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्याला जरा हलकं वाटलं असतं. "मला वाटायचं, तुला कळत असेल. तुम्हा लोकांना नुसतं बघून कळतं ना सगळं. म्हटलं, तू काही बोलत नाहीस म्हणजे तसं काही विशेष नसेल."

पलीकडे सून वाचत होती: उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील. इतकी वर्षं तो गप्प होता कारण ती गप्प होती, आणि ती गप्प होती कारण तो डॉक्टर असून गप्प होता. त्याच्या गप्प बसण्यालाच ती निदान समजून चालली होती. तिनं त्याच्यावर भरवसा ठेवला होता, आणि त्याच भरवशानं तिला या खाटेपर्यंत आणलं होतं.

"ताई," तो म्हणाला, "अंगावरून जातं का तुझ्या?"

तिनं मान भिंतीकडे वळवली. नळी ताणली गेली, ती त्यानं सैल केली. "तू नको रे विचारूस हे," ती म्हणाली. "त्या मुलीला पाठव. मी तिला सांगते."

तसं करता आलं असतं. शंकासूर दारातच असेल. तिला आत पाठवून आपण बाहेर व्हरांड्यात उभं राहायचं, पाच मिनिटांत सगळं नीट झालं असतं, कुणाचीच लाज गेली नसती. तो अर्धा उठलाही. स्टूल डुगडुगलं, आणि तो पुन्हा खाली बसला.

"नाही," तो म्हणाला. "मलाच सांग. खूप जातं?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच तिनं होकाराची मान हलवली.

"गाठी पडतात?"

"पडतात."

"या महिन्यात?"

"परवापर्यंत होतं. म्हणजे हल्ली थांबतच नाही धड. दोन-चार दिवस बरे जातात, की पुन्हा." ती थांबली. "तू शिकायला बाहेरगावी गेलास ना, तेव्हापासून वाढलं. मग तू परत आलास. मला वाटलं आता…" तिच्या कानाची पाळी मेणासारखी दिसत होती. तो पुढे वाकला, अंगठा तिच्या गालावर ठेवला आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढली. आत पांढरं होतं. रंग असा नव्हताच. हे त्यानं कालही बघितलं नव्हतं. काल त्यानं आकडा बघितला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि दुसऱ्या हातात तिची नळी असल्यानं ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पडदा सरकला. सर्जन आत आला, मागे शंकासूर. "काय ठरलं?" सर्जन म्हणाला, "मी म्हणतो स्कॅनला घेऊ. आत काहीतरी वाहतंय." तो स्टुलावरून उठून उभा राहिला. उभं राहिल्यावर तो त्याच्या नेहमीच्या उंचीचा झाला, तरी आवाज काही नेहमीचा निघेना. पलीकडचं वाचन थांबलं होतं. त्यानं शंकासुराकडे बघितलं. "माझ्या बहिणीच्या अंगावरून जातं," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच वाटलं त्यापेक्षा ते मोठ्यानं निघालं. "भरपूर. गाठी पडतात. वर्षानुवर्षं. मी डॉक्टर असून मला माहीत नव्हतं, मी विचारलंच नाही. तिचं रक्त आधीपासून सातच्या आसपास असणार. काल ते घट्ट होतं म्हणून साडेदहा दिसलं. तुम्ही त्या दिवशी जे म्हणाला होतात, अगदी तेच." त्यानं शंकासुराला अहोजाहो केलं, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. "मी तुमची थट्टा केली होती तेव्हा."

शंकासुरानं लिहून घेतलं. तेवढ्यात ताईचा हात खाटेवरून वर उठला आणि त्याच्या तोंडाच्या दिशेनं आला. तो दचकून मागे सरला. पिकल्या केसांचा, विभागाचा प्रमुख, सगळ्यांदेखत त्यानं मान खांद्यात घालून गाल चुकवला. सर्जनला काही कळलं नाही. ताईला कळलं. तिचा हात तसाच वर राहिला, सुईची नळी लोंबकळत.

"मारत नाहीये रे," ती म्हणाली. "डोळे पुसतेय तुझे."

सर्जननं विचार केला, ताईचं पोट दाबून बघितलं, रक्तदाबाच्या आकड्याकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला, "आधी रक्त चढवू. स्कॅन संध्याकाळपर्यंत थांबवतो. पण आकडा पुन्हा घसरला तर मी कुणाचं ऐकणार नाही." सर्जन गेला. संध्याकाळपर्यंत काय होईल, हे ताईच्या भावाला माहीत नव्हतं. ज्या गटात ताई आता खरोखर होती, त्या गटाचं काय होतं, ते मात्र तोंडपाठ होतं. त्यावर त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. नर्सनं रक्ताची पिशवी टांगली आणि नळीतून पहिला लाल थेंब खाली उतरायला लागला. शंकासूर जायला वळली.

"पिल्लू," ताई म्हणाली, "थोडा बर्फ मिळेल का रे?"

तिनं ते दबक्या आवाजात म्हटलं नाही. त्यानं शंकासुराकडे बघितलं. पोटात काही द्यायचं नव्हतं, आणि परवानगी द्यायची ती आता तिनं. "एक बारीक तुकडा चालेल, सर," ती म्हणाली. त्यानं नर्सच्या खोलीतल्या फ्रीजमधून स्टीलच्या वाटीत एक तुकडा आणला आणि चमच्यानं ताईच्या तोंडात घातला. तिनं तो दाढेखाली धरला. डोळे मिटले. कडक, असा आवाज झाला, मग आणखी एकदा, बारीक. पडद्यापलीकडेही तो गेला असणार. तो स्टुलावर बसून ऐकत होता.

"म्हण की," ती डोळे न उघडता म्हणाली.

"काय?"

"उंदीर."

त्याला म्हणता येईना.